तू तरी बरी आहेस ना

भाचीच्या बॅडमिंटनच्या सामन्यासाठी गेले होते, पण तिचा सामना संपून गेला तरी मी थांबले, कारण शेजारच्या कोर्टावर सतरा वर्षांखालच्या मुलींची दुहेरी रंगात आली होती. तिसरा गेम होता. बाकावर गर्दी, हॉलमध्ये घामाचा, रबरी चटईचा आणि कुणीतरी उघडलेल्या पोह्यांच्या डब्याचा मिसळलेला वास. अलीकडच्या जोडीतली उंच मुलगी मागच्या डाव्या कोपऱ्यात गेली, डोक्यावरून शटलचं फूल काढलं, उतरताना तिचा पाय चटईवर रुतला आणि वरचं शरीर पुढे वळलं. ओरडण्याच्या आधी एक क्षण ती नुसती आश्चर्यानं गुडघ्याकडे बघत होती. मग सगळे धावले. प्रशिक्षक, पंच, तिची आई, बर्फाची पिशवी घेऊन कुणी, स्प्रे घेऊन कुणी. पाच मिनिटांत ती मांडीखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन बाकावर होती आणि सामना सोडल्याची खूण कागदावर झाली होती. तिची जोडीदार मात्र अजून कोर्टातच, सर्व्हिसच्या रेषेजवळ उभी होती. हातात फूल. त्याच्या पिसांवरून ती बोट फिरवत होती. तिला कुणी काही विचारलं नाही. मग तीच हळूच बाहेर आली, आपली किट बॅग भरली, मैत्रिणीचीही भरली, एक एका खांद्याला आणि दुसरी दुसऱ्या. माझ्या समोरून जाताना मी तिला थांबवलं आणि म्हणाले, "तू तरी बरी आहेस ना? देवाची कृपा."

"हो काकू," ती म्हणाली, आणि खाली बघून चालू लागली.

घरी येईपर्यंत ते माझं मलाच टोचायला लागलं होतं. वाक्यात वाईट काहीच नव्हतं, मायेनंच बोलले होते. तरी तिच्या "हो काकू"मध्ये जे होतं ते ओळखीचं होतं, आणि कुठून ओळखीचं ते लगेच सापडेना. रात्री भांडी घासून झाल्यावर, ओट्यावर फडकं फिरवताना एकदम युकी फुकुशिमा आठवली.

जपानच्या महिला दुहेरीचं वेड असणारी आपल्याकडे फार माणसं नसतील, पण मी त्यातली आहे. एकेरीत खेळाडू कळतो, दुहेरीत मला दोघांमधली जागा बघायला आवडते. आक्रमण असेल तर एक पुढे आणि एक मागे, बचाव असेल तर दोघी शेजारीशेजारी, आणि हे दर दोन-तीन फटक्यांनी न बोलता बदलत राहतं. महिला दुहेरीत तर रॅली इतक्या लांबतात की बघणाऱ्याचाच श्वास मोजून संपतो. युकी फुकुशिमा आणि सायाका हिरोता या दोघी त्या लांब रॅलींच्या राण्या. समोरून कितीही स्मॅश येऊ देत, त्या उचलून उचलून मागे पाठवत राहायच्या. कंटाळा येईल तर समोरच्यांना, यांना नाही. तिकडे जोडीला एकच नाव देण्याची पद्धत आहे. फुकुशिमा आणि हिरोता मिळून 'फुकुहिरो'. ताकाहाशी आणि मात्सुतोमो, ज्यांनी २०१६ मध्ये रिओत सुवर्ण मिळवलं, त्या 'ताकामात्सु'. नागाहारा आणि मात्सुमोतो मिळून 'नागामात्सु'. शाळेत व्याकरणाच्या तासाला द्वंद्व समास शिकवत, दोन्ही पदं महत्त्वाची, आणि बाई उदाहरणं देत, रामलक्ष्मण, आईवडील, कृष्णार्जुन. तेव्हा हा समास मला सगळ्यांत सोपा वाटायचा. फुकुहिरो हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे सगळं आठवून फार आनंद झाला होता. फुकु म्हणजे सौभाग्य आणि हिरो म्हणजे विस्तीर्ण. शब्द जोडायचाच तर यापेक्षा देखणा कसा जोडणार?

दोघी कुमामोतोच्या, म्हणजे जपानच्या दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावरच्या. फुकुशिमाचं जन्मगाव यात्सुशिरो, जन्म १९९३ चा. हिरोता तिच्यापेक्षा वर्षभरानं लहान. शाळेत असताना फुकुशिमा घर सोडून थेट आओमोरीला शिकायला गेली. नकाशावर बघितलं तर काळजात धस्स होतं, कारण आओमोरी म्हणजे होन्शू या मुख्य बेटाचं अगदी उत्तर टोक, जिथं हिवाळ्यात बर्फाच्या भिंती उभ्या राहतात. दक्षिणेच्या उबेतली पोर पंधरा-सोळाव्या वर्षी तिथं गेली, कारण तिथल्या आओमोरी यामादा शाळेत खेळाला मान होता. आणि शाळा संपल्यावर ती परत कुमामोतोलाच आली, एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या संघात. जपानमध्ये खेळाडू असे कंपन्यांचे असतात. कंपनीची नोकरी, कंपनीची जर्सी, कंपन्यांची आपापसांतली लीग. आपल्याकडे रेल्वे आणि बँका क्रिकेटपटूंना नोकरीवर घेत, त्याची आठवण व्हावी असंच काहीसं. तिथंच हिरोता तिला जोडीला मिळाली. पुढे २०१५ मध्ये तो संघ एका औषध आणि सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीनं घेतला, सैशुंकान तिचं नाव, तीही कुमामोतोचीच. एप्रिल २०१६ मध्ये तिथं लागोपाठ दोन मोठे भूकंप झाले, घरं कोसळली, कुमामोतोच्या जुन्या किल्ल्याची कौलं आणि दगडी तट ढासळले. आपल्या गावाचा किल्ला असा खचलेला बघून ज्यांना सरावाला जावं लागतं, त्या काय विचार करत असतील ते किल्लारीचा भूकंप ज्यांच्या घरात बोलला जातो त्यांना सांगायला नको.

मग त्यांचे ते तीन रविवार आले. इथं मला आपल्याबद्दल एक गोष्ट कबूल करायची आहे. २७ ऑगस्ट २०१७, ग्लासगो. आपण सगळे टीव्हीसमोर होतो. सिंधू आणि नोझोमी ओकुहारा, ११० मिनिटं, १९-२१, २२-२०, २०-२२. आमच्या घरात त्या रात्री जेवण कुणालाच गेलं नव्हतं. त्याच दिवशी त्याच सभागृहात फुकुशिमा आणि हिरोता आपल्या पहिल्या जागतिक अंतिम सामन्यात चीनच्या चेन चिंगचेन आणि जिया यिफान यांच्याकडून तीन गेममध्ये हरल्या. पुढच्या वर्षी नानजिंगला सिंधू कॅरोलिना मारिनकडून हरली, आणि त्याच रविवारी या दोघी आपल्याच देशाच्या मायु मात्सुमोतो आणि वाकाना नागाहारा यांच्याकडून शेवटचा गेम २०-२२ असा हरल्या. आणि २५ ऑगस्ट २०१९ चं बासेल तर कोण विसरेल. सिंधूनं ओकुहाराला २१-७, २१-७ असं अडतीस मिनिटांत हरवलं, सोसायटीत पेढे वाटले गेले. त्याच दिवशी त्याच कोर्टावर फुकुहिरो पुन्हा मात्सुमोतो-नागाहारांकडून हरल्या. शेवटचा गेम २१-२३. तीन वर्षं, तीन अंतिम सामने, तिन्ही तिसऱ्या गेमपर्यंत गेलेले, तिन्ही रौप्य. सिंधूचे ते तीनही रविवार आपण अंगावर काढले, आणि शेजारून तेच तीन रविवार दुसरं कुणी काढत होतं हे मला कितीतरी उशिरा, जुने निकाल चाळताना कळलं. तेव्हापासून बासेलची आठवण निघाली की पेढ्याच्या चवीबरोबर ते २१-२३ पण येतं.

पण रौप्याच्या बाया म्हणून त्यांच्याकडे बघणं अन्याय होईल. २०१८ मध्ये त्या आशियाई विजेत्या झाल्या, जागतिक क्रमवारीत पहिल्या झाल्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात बँकॉकला जपाननं सदतीस वर्षांनी उबर कप, म्हणजे महिलांची सांघिक जागतिक स्पर्धा, जिंकला, आणि अंतिम लढतीतली दुहेरी जिंकणाऱ्या याच दोघी होत्या. त्याच वर्षी त्यांनी कुमामोतो सोडलं, गिफूतल्या संघात गेल्या, आणि जाताना दोघी बरोबर गेल्या. मार्च २०२० मध्ये त्यांनी बर्मिंगहॅमला ऑल इंग्लंड ही मानाची स्पर्धा जिंकली. अंतिम सामना १५ मार्चचा. त्या आठवड्याअखेर जगभर दारं बंद होत होती, बॅडमिंटनही थांबलं, आणि नऊ दिवसांनी टोकियो ऑलिंपिक वर्षभर पुढे गेलं. त्या उन्हाळ्यात ते वेळेवर झालं असतं तर, हा विचार मी अनेकदा केला आहे. तेव्हा दोघींचे चारही गुडघे शाबूत होते.

जून २०२१ मध्ये, ऑलिंपिकला जेमतेम महिना उरला असताना, हिरोताच्या उजव्या गुडघ्यातला पुढचा क्रूसबंध तुटला. सांध्याच्या आत दोन दोर फुलीसारखे एकमेकांवरून जातात, त्यातला हा पुढचा. नडगीचं हाड पुढे सरकू नये आणि पाय पिळला तरी सांधा जागेवर राहावा, हे त्याचं काम. तो तुटला तरी माणूस सरळ चालू शकतो, इतकं की घरच्यांना वाटावं, फारसं काही नसेल. दगा मिळतो तो वळताना, थांबताना, एका पायावर उतरताना. म्हणजे बॅडमिंटनमध्ये जे जे करायचं असतं ते सगळं करताना. २४ जुलैला टोकियोत, मुसाशिनोच्या हॉलमध्ये ती उजव्या पायाला मांडीपासून पोटरीपर्यंत जाडजूड आधारपट्टा बांधून उतरली तेव्हा माझ्या तोंडून "अगं बाई" निघालं. महामारीमुळे प्रेक्षक नव्हते. रिकाम्या खुर्च्यांमुळे प्रत्येक आवाज उघडा पडला होता, फुलाचा टक्, श्वास, बुटांची किरकिर. चार पायांचे आवाज असायला हवेत, पण मला तीन नेहमीचे आणि एक वेगळा, जड, जपून टाकलेला ऐकू यायचा. टीव्हीचा आवाज मी वाढवला की कमी केला ते आठवत नाही, दोन्ही केलं असेल.

सगळ्या जगाचे डोळे त्या पट्ट्यावर होते. माझेही.

तरी त्या जिंकल्या. गटात दोन सामने जिंकल्या, एक इंडोनेशियाच्या ग्रेसिया पोली आणि अप्रियानी राहायू यांच्याकडून हरल्या, ज्या पुढे सुवर्ण घेऊन गेल्या. २९ जुलैला उपांत्यपूर्व फेरीत समोर आल्या चेन आणि जिया, ग्लासगोच्याच. आणि पहिला गेम फुकुहिरोनं घेतला, २१-१८. तो गेम मी नंतर तीनदा पाहिला आहे, आणि तिसऱ्यांदा पाहताना मी स्वतःला सांगितलं की आज हिरोताकडे बघायचंच नाही, फक्त फुकुशिमाकडे. तेव्हा काय दिसलं! ती धावतच असते. मागच्या उजव्या कोपऱ्यातून डाव्या, तिथून पुढे, पुन्हा मागे. दुहेरीचं कोर्ट ६.१० मीटर रुंद, आणि त्यातली जेवढी म्हणून जमीन एका माणसाला झाकता येईल तेवढी ती झाकते. गुण गेला की ती आधी जोडीदाराकडे बघते, मग रॅकेटच्या तारांकडे. आणि प्रतिस्पर्धी मूर्ख नसतात, खेळ हा खेळ असतो, ते फूल कधी पट्टा असलेल्या पायाकडे टाकतात, कधी धावणारीला दमवायला लांबच्या कोपऱ्यात. पुढचे दोन्ही गेम १०-२१, १०-२१. त्याच दिवशी मात्सुमोतो आणि नागाहारा कोरियाच्या जोडीकडून शेवटचा गेम २६-२८ असा हरल्या, आणि आपल्या घरच्या ऑलिंपिकमध्ये जपानच्या दोन्ही जोड्या एकाच दिवशी बाहेर पडल्या. सामना संपल्यावर चेन आणि जिया जाळीपलीकडून येऊन हिरोताला मिठीत घेतात, ते छायाचित्र तुम्ही पाहिलं असेल. मला ते फार प्रिय आहे. पण मी आता त्यात तिला शोधते जिचा गुडघा धड होता. तिनंही पाच वर्षं याच दिवसाची वाट पाहिली होती. तिला दुखत नव्हतं. मग ती काय म्हणणार होती?

माझ्या लहानपणी, साताऱ्याला, दादाला संधिवाताचा ताप आला होता. मी आठ वर्षांची, तो अकराचा. सहा महिने तो माजघरातल्या खाटेवर होता आणि दर काही आठवड्यांनी त्याला पेनिसिलिनचं मोठ्या सुईचं, दुखणारं इंजेक्शन असायचं. घरात मोसंबी यायची ती त्याच्यासाठी, मासिकं यायची ती त्याच्यासाठी, आणि हे योग्यच होतं, मलाही ते योग्यच वाटायचं. मोसंबी सोलून त्याच्या फोडी करून मीच त्याला नेऊन द्यायचे. भेटायला येणारी माणसं खाटेजवळ बसून उठताना दारात माझ्या डोक्यावर हात ठेवत आणि म्हणत, "तू तरी धडधाकट आहेस हो, आईला त्रास देऊ नकोस." मी मान हलवायचे. त्या वर्षी मी शाळेच्या लंगडीच्या संघात होते आणि आमचा संघ तालुक्याला गेला होता, हे मी घरी सांगितलंच नाही. कुणी मनाई केली नव्हती. सांगण्याची जागाच दिसली नाही. दादा बरा झाला, आज त्याला नातवंडं आहेत, आणि मी त्या माणसांवर कधी रागावले नाही. पण तो हात डोक्यावर आला की मान आपोआप खाली जायची, ते मला आठवतं. त्या मुलीचं "हो काकू" मी तिथून ओळखलं होतं.

हिरोतानं शस्त्रक्रिया करून घेतली आणि २०२२ मध्ये ती परत आली. फुकुशिमा थांबली होती. बाकी कशाहीपेक्षा मला त्या थांबण्याबद्दल कुणीतरी सविस्तर लिहावं असं वाटतं, पण थांबण्याचे गुण कुठल्याच फलकावर लागत नाहीत, म्हणून ते कुणी लिहीत नाही. तिशीला आलेली खेळाडू. मागून शिदा आणि मात्सुयामा यांच्यासारख्या जोड्या झपाट्यानं वर येताहेत. एका देशाच्या फार तर दोन जोड्या ऑलिंपिकला जाऊ शकतात, आणि जपानमध्ये तेव्हा जगातल्या पहिल्या दहात बसतील अशा तीन-चार जोड्या होत्या. तिनं दुसरा हात धरला असता तर कुणी बोल लावला नसता. मग २०२३ संपता संपता हिरोताचा डावा गुडघा गेला, तोच बंध. पॅरिस ऑलिंपिकला त्या जाऊ शकल्या नाहीत. जपानकडून शिदा-मात्सुयामा आणि मात्सुमोतो-नागाहारा गेल्या, शिदा-मात्सुयामांनी कांस्य आणलं. आणि २०२४ मध्येच फुकुहिरो हे नाव थांबलं. व्याकरणात समास सोडवण्याला विग्रह म्हणतात, आणि विग्रह म्हणजे भांडणही. या दोघींच्या बाबतीत पहिलाच अर्थ घ्यायचा. दहा-अकरा वर्षांनी दोन पदं नुसती वेगळी लिहिली गेली.

फुकुशिमानं रॅकेट ठेवली नाही, आणि तिची नवी जोडीदार कोण, तर मायु मात्सुमोतो. जिनं नानजिंगला २२-२० आणि बासेलला २३-२१ असं तिच्या हातातलं सुवर्ण नेलं होतं, तीच. मार्च २०२५ मध्ये या नव्या जोडीनं ऑल इंग्लंडच्या अंतिम फेरीत मजल मारली आणि शिदा-मात्सुयामांकडून हरली. मी तो सामना बघत होते. एखाद्याशी इतकी वर्षं जाळीपलीकडून खेळल्यावर त्याच्या शेजारी उभं राहणं कसं असेल, याचा विचार करत होते, आणि सवयीनं माझे डोळे कोर्टात आणखी कुणालातरी शोधत होते. जपानी दुहेरीत एक हाक असते, फूल दोघींच्या मधोमध आलं आणि आपल्याला पोचता येणार नाही असं दिसलं की "ओनेगाई!" म्हणून ओरडायचं. रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ "विनंती आहे" असा होतो. आपल्या मुली "सोड!" किंवा "तू घे!" म्हणतात. टोकियोच्या त्या सहा दिवसांत ही विनंती कितीदा एकाच बाजूनं आली असेल.

परवा भाचीबरोबर पुन्हा त्याच हॉलला गेले. भिंतीवर नव्या स्पर्धेचा ड्रॉ चिकटवलेला होता, दुहेरीत दोन नावं आणि मधे तिरकी रेघ. त्या मुलीचं नाव होतं, रेघेनंतर वेगळं नाव. उंच मुलगी प्रेक्षकांच्या बाकावर पहिल्या रांगेत बसली होती, कुबड्या शेजारी टेकवून, मांडीवर दोन पाण्याच्या बाटल्या. दुसऱ्या की तिसऱ्या गुणाला फूल मधोमध आलं, आणि कोर्टावरची मुलगी मागे न बघता "तू घे!" म्हणाली आणि डावीकडे सरकली. नवी जोडीदारही डावीकडेच आली. दोघींच्या रॅकेटी आपटल्या, फूल खाली पडलं. बाकावरची एकदम पुढे झुकली. कोर्टातली वाकून फूल उचलायला गेली, पिसं नीट केली, आणि सामना संपेपर्यंत मी तिची वाट बघत बसले. बाहेर आली तेव्हा तिला विचारलं, "त्या दिवशी तिसऱ्या गेमला तुमचे किती गुण झाले होते गं?"

"सतरा, काकू," ती म्हणाली. "सतरा-चौदा. आम्ही पुढे होतो."